पाटी कुणाच्या हातात?

आजचा विषय आहे मोबाइलवर आपला धंदा गिऱ्हाइकाला कसा सापडतो आणि तिथे लोक जे बरंवाईट लिहितात त्याचं काय करायचं. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, ही नवीन कामं पोरांची, आपली नाहीत." म्हणून आज मी मोबाइलपासून सुरुवात करणार नाही. पार मागे जाते. गिऱ्हाइकाला आपण सापडणं आणि त्याचा आपल्यावर विश्वास बसणं, ही दोन कामं फार जुनी आहेत. ती आधी कशी व्हायची हे कळलं, की आज काय करायचं ते आपलं आपल्यालाच उमगेल.

आपला आठवडी बाजारच बघा. भाजीवाल्यांची ओळ वेगळी, भांड्यांची वेगळी, सुक्या मासळीची वेगळी. मडकं घ्यायला आलेल्या बाईला कुणाला विचारावं लागत नाही, ती थेट कुंभारांच्या ओळीत जाते. तिथे पोचल्यावर मात्र ती चार जणींना विचारते, "कुणाचं मडकं पाझरत नाही?" म्हणजे सापडायचं ते जागेमुळे आणि विश्वास बसायचा तो चारचौघींच्या सांगण्यामुळे. हे दोन धागे हातात धरा, आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहेत.

आता नाशिकला चला. शहराजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर लेणी आहेत, त्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. त्यातल्या १० नंबरच्या लेण्यात साधारण १९०० वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. नहपान नावाच्या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दान दिली. ती त्याने गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांची संघटना. एका श्रेणीकडे २००० ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १००० ठेवले, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने.

हिशेब आपल्या रोजच्या सवयीचाच आहे, करून बघा. २००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. लेण्यात २० भिक्षू, प्रत्येकाला कपड्यासाठी १२. विसा बारे २४०. हिशेब तंतोतंत जुळतो! मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही त्या लेखात लिहिलं आहे. शिवाय हा व्यवहार गावाच्या सभेत वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे दप्तरात नोंदवला, असंही त्यात आहे.

एवढी रक्कम राजाच्या जावयाने विणकरांवर सोपवली, याचा अर्थ त्यांचा व्यवहार चोख होता. आणि तो दगडात कोरला गेला, तेव्हा डोंगर चढून येणाऱ्या प्रत्येकाला कळलं की गोवर्धनचे विणकर विश्वासाचे आहेत. यापेक्षा मोठा अभिप्राय कुठला?

त्याच लेण्यात आणखी एक छोटा लेख आहे. उषवदाताची बायको दक्षमित्रा हिने एक खोली दान दिली, आणि तिचं नाव तिथे कोरलं आहे. आधी अमक्याची मुलगी, तमक्याची बायको अशी ओळख दिलेली आहेच, आपल्या कागदांवर आजही देतात तशी. पण नाव तिचं आहे आणि दान तिचं आहे. १९०० वर्षं झाली, ते नाव वाचता येतं. ज्याचं नाव लिहून ठेवलं जातं तो लक्षात राहतो, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होतं.

त्यानंतरच्या शेकडो वर्षांत किती बायकांनी पापड लाटले, गोधड्या शिवल्या, खानावळी चालवल्या. दुकानावर पाटी लागली ती मात्र बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाच्या नावाची. "अमुक आणि पुत्र" अशा पाट्या आपण पाहिल्या आहेत. "अमुक आणि लेकी" अशी किती वेळा पाहिली?

आता आधुनिक काळात येऊ. अमेरिकेत न्यू हेवन नावाचं गाव आहे. तिथे १८७८ साली टेलिफोनधारकांची पहिली यादी निघाली. एका पुठ्ठ्यावर मावेल एवढीच, सुमारे ५० नावांची. पुढे धंद्यांची वेगळी यादी पिवळ्या कागदावर छापायची पद्धत पडली. आपल्याकडे १८८२ साली मुंबई, कोलकाता आणि मद्रासला टेलिफोनची एक्सचेंज सुरू झाली, मग इथेही जाडजूड डिरेक्टऱ्या आल्या. या पिवळ्या पानांची रचना आपल्या बाजारासारखीच होती. सुतार एका ठिकाणी, शिंपी एका ठिकाणी. आणि लबाडीही लगेच सुरू झाली. यादी अक्षरांच्या क्रमाने असायची, म्हणून आपलं नाव सगळ्यात वर यावं यासाठी काही दुकानदार नावाच्या आधी ए, ए, ए अशी अक्षरं लावू लागले. काम कसं आहे याच्याशी त्या अक्षरांचा काही संबंध नव्हता. मोबाइलवर आज जे चालतं त्याची आजी म्हणजे ही युक्ती.

नाव पोचवण्याचा सरळ मार्गही लोकांनी शोधला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला १९०३ साली. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. वस्तू उत्तम होती, पण विश्वास नव्हता. ज्यांनी नांगर वापरला त्यांच्या शेताकडे बघून बाकीच्यांना तो हळूहळू पटला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक निघू लागलं. कारखान्याची माहिती लोकांपर्यंत पोचावी हा मूळ हेतू. पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं, आणि त्याच घराने १९३० साली 'स्त्री' मासिक काढलं. लोकांच्या उपयोगाचं काही दिलं की लोक नाव लक्षात ठेवतात, हे त्यांनी करून दाखवलं.

आता बायकांच्या धंद्याकडे येऊ. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल ८० रुपये, तेही उसने. छगनलाल करमशी पारेख यांनी ते दिले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झाली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगली आणि एक स्वस्तातली. छगनबाप्पांनी त्यांना सांगितलं की हलका माल करूच नका, एकच चांगली प्रत ठेवा. बायकांनी ते ऐकलं.

१९६२ साली त्यांनी पापडाला नाव देण्यासाठी स्पर्धा ठेवली. बक्षीस पाच रुपये! त्यातून 'लिज्जत' हे नाव आलं. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली. या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चवीबद्दल आपण नेहमी बोलतो, पण मी तुम्हाला नावाकडे बघायला सांगते. तीन वर्षं पापड लाटल्यावर त्यांनी ठरवलं की आपल्या मालाला आपलं नाव हवं. गिऱ्हाइकाने दुकानात "पापड द्या" म्हटलं तर दुकानदार हाताला येईल तो देतो. "लिज्जत द्या" म्हटलं की त्याला तोच द्यावा लागतो. नाव आलं तेव्हा दुकानदाराच्या हातातली सत्ता थोडी बायकांच्या हातात आली.

नावाइतकाच पत्ताही महत्त्वाचा, आणि त्यासाठी एका मराठी माणसाची आठवण काढायला हवी. आपल्या देशात एकाच नावाची कितीतरी गावं आहेत. पिंपळगावं किती, वडगावं किती, मोजा. त्यातून पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिपींत लिहिलेले. पत्र भलत्याच गावी जायचं. पोस्ट खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी यावर उपाय म्हणून सहा आकडी पिनकोड आणला. तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. वेलणकर संस्कृतचे पंडित आणि कवीही होते. भाषेवर एवढं प्रभुत्व असलेल्या माणसाला कळलं की सापडण्याच्या कामी शब्द अपुरे पडतात, तिथे आकडे लागतात. महाराष्ट्राचे पिनकोड ४ ने सुरू होतात आणि शेवटचे तीन आकडे आपल्या पोस्टाचे असतात. गाव कितीही लहान असो, पत्र बरोबर येतं.

आता मोबाइलचा इतिहास तुम्हाला अवघड वाटणार नाही. १९९५ साली अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने इंटरनेटवर पुस्तकं विकायला काढली आणि वाचकांना पुस्तकाबद्दल स्वतःचं मत लिहायची सोय दिली. १९९६ साली ईबे या लिलावाच्या ठिकाणी घेणाऱ्याने विकणाऱ्याबद्दल आणि विकणाऱ्याने घेणाऱ्याबद्दल शेरा लिहायची पद्धत सुरू झाली. कारण उघड आहे. हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाला पैसे कसे पाठवायचे? बाजारातल्या चारचौघी तिथे नव्हत्या, म्हणून त्यांच्या जागी शेरे आणले. त्याच १९९६ साली मुंबईत जस्टडायल सुरू झालं. फोन करायचा, प्लंबर कुठे मिळेल विचारायचं आणि नंबर घ्यायचा.

१९९८ साली गूगल आलं. त्यांची युक्ती आपल्याला सहज समजेल. मुलीचं स्थळ बघताना आपण काय करतो? एका ठिकाणी विचारून थांबत नाही. चार ठिकाणी चौकशी करतो, आणि त्यातही ज्याचा शब्द गावात मानतात त्याच्या शब्दाला जास्त वजन देतो. गूगलने तेच केलं. इंटरनेटवरच्या एका पानाकडे बाकीची किती पानं बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारी पानं स्वतः किती मानाची आहेत, हे मोजलं आणि त्यावरून क्रम लावला. २००५ साली गूगलचा नकाशा आला. धंद्याची नोंद करायची सोय आली, तिचं नाव बदलत बदलत २०२१ पासून 'गूगल बिझनेस प्रोफाइल' झालं. ही नोंद फुकट असते, हे पाठ करून ठेवा. नोंद करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर ते त्याच्या मेहनतीचे आहेत, गूगलचे नाहीत.

जवळच्या शहरातली एखादी बाई फोनवर "घरगुती पुरणपोळी" असं शोधते, तेव्हा कुणाचं नाव वर दाखवायचं हे कसं ठरतं? गूगलनेच तीन गोष्टी सांगितल्या आहेत. तिने जे मागितलं त्याच्याशी तुमची नोंद जुळते का, तुम्ही तिच्यापासून किती लांब आहात, आणि तुमचा नावलौकिक किती. बाजारातली ओळ, वाट आणि चारचौघींचं मत, तेच तीन! अंतर आपल्या हातात नाही. बाकीच्या दोन गोष्टींवर काम करता येतं.

जुळणीसाठी बाजाराची ओळ आठवा. नोंद करताना धंद्याचा प्रकार विचारतात, तो नेमका निवडा. मसाले करणाऱ्या गटाने नुसतं "दुकान" निवडलं तर तो भांड्यांच्या ओळीत जाऊन बसला म्हणायचा. नाव लिहा ते पाटीवर आणि पाकिटावर आहे तसंच. नावाच्या पुढेमागे "सगळ्यात उत्तम, स्वस्त, नंबर एक" असं जोडणं म्हणजे ती ए, ए, ए ची जुनी लबाडी झाली. ती गूगलच्या नियमात बसत नाही आणि त्यापायी नोंद बंद होऊ शकते. काय काय करता ते वर्णनात सविस्तर लिहा, मराठीतून लिहा. फोन नंबर चालू असलेला द्या. बाजाराच्या दिवशी बंद असाल तर तसं लिहा, म्हणजे कुणी हेलपाटा मारून शिव्या देत जाणार नाही. फोटो स्वतःच्या मालाचे, दिवसाच्या उजेडात काढलेले टाका. दुसरीकडून उचललेले फोटो टाकू नका.

आणि वेलणकरांना विसरू नका. पिनकोड बरोबर लिहा आणि नकाशावरची खूण नेमक्या जागी लावा, कारण एका पिनकोडात बरीच गावं असतात. घरूनच काम करता आणि घराचा पत्ता जगाला दाखवायचा नसेल, तर पत्ता झाकून फक्त कुठल्या गावांपर्यंत माल पोचवता एवढंच दाखवता येतं. एकट्या राहणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर करावं. नोंद खरी आहे का, हे गूगल तपासतं. पूर्वी त्यासाठी पोस्टाने कोड असलेलं कार्ड यायचं, आता बऱ्याचदा जागेचा, पाटीचा आणि कामाचा व्हिडिओ मागतात. म्हणून आधी दारावर खरीखुरी पाटी लावा.

आता नावलौकिक, म्हणजे अभिप्राय. गिऱ्हाइकाला विचारायला लाजू नका. माल हातात देताना म्हणा, "ताई, जसं वाटलं तसं फोनवर लिहा." 'जसं वाटलं तसं' हे शब्द महत्त्वाचे आहेत. चांगलं लिहा म्हणजे पावशेर पापड जास्त देते, असं म्हणायचं नाही. ते नियमात बसत नाही. गटातल्या बायकांनी आपल्याच गटाबद्दल लिहायचं नाही, सासरच्यांकडून लिहवून घ्यायचं नाही. खूश असलेल्यांनाच निवडून विचारायचं आणि नाराज असेल तिला गप्प करायचं, हेही चालत नाही. पैसे घेऊन शंभर खोटे अभिप्राय लिहून देणारे लोक फिरत असतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. आपल्या देशातही या गोष्टीची दखल घेतली गेली आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे, पण वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे ते त्यावरून कळतं.

कुणी वाईट लिहिलं तर? आधी खरं आहे का ते बघा. पापडात मीठ जास्त झालं असेल तर तसं मान्य करून दोन ओळींत उत्तर लिहा आणि पुढच्या घाण्याला सुधारणा करा. ते उत्तर रागावलेल्या गिऱ्हाइकापेक्षा पुढे येणारी दहा गिऱ्हाइकं जास्त वाचतात. भांडू नका, तिचं नाव-गाव काढू नका. जी बाई कधी आलीच नाही तिने लिहिलं असेल, किंवा शिवीगाळ असेल, तर गूगलकडे तक्रार करायची सोय त्या अभिप्रायाशेजारीच असते. ती करा आणि शांत राहा. ऊठसूट तक्रार मात्र करू नका. किर्लोस्करांच्या पहिल्या नांगराला दोन वर्षं थांबावं लागलं. दहा खरे अभिप्राय जमायला एखादा हंगाम गेला तर बिघडलं काय?

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी आज बोलायला बसले. ही नोंद कुणाच्या हातात आहे?

आमच्या भागात बऱ्याच गटांच्या नोंदी गावातल्या एखाद्या मुलाने हौसेने करून दिल्या आहेत. चांगलं काम केलं त्याने. पण नोंद त्याच्या ईमेलवर, नंबर त्याचा. तो नोकरीला पुण्याला गेला की दिवाळीच्या ऑर्डरचे फोन पुण्यात वाजतात. तो कामावर असतो, उचलत नाही. इथे फराळाचे डबे भरून बायका वाट बघत बसतात. कुणाची चूक म्हणायची? मुलाची नाही. पाटी दुसऱ्याच्या हातात राहिली, एवढंच.

म्हणून गटाचा स्वतःचा ईमेल काढा. सिमकार्ड गटाच्या कामासाठी वेगळं घ्या. नोंदीची मालकी त्या गटाच्या ईमेलवर ठेवा. मदत करणाऱ्याला 'व्यवस्थापक' म्हणून जोडता येतं, म्हणजे तो काम करू शकतो, पण मालकी तुमची राहते. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींना माहीत असू दे, आणि तो फोनवर विचारणाऱ्या कुणालाही सांगायचा नाही, ओटीपीही नाही. पदाधिकारी बदलल्या की बँकेतल्या सह्या बदलतो, पासबुक आणि इतिवृत्ताची वही सोपवतो. त्याच दिवशी हा ईमेल आणि सिमही सोपवायचं, पासवर्ड बदलायचा, आणि तसा ठराव लिहायचा. नोंद आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर भांडण नको. त्याला विनंती करा, मालकी बदलून देता येते. तो सापडत नसेल तर गूगलकडे मालकीची मागणी नोंदवता येते.

पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाल्यावर पाच मिनिटं काढा. एकीच्या फोनवर आपल्या गटाचं नाव शोधा. दिसतं का बघा, आणि दिसत असेल तर तिथल्या नंबरावर फोन लावा. तो कुणाच्या पिशवीत वाजतो ते ऐका. आपल्यापैकी कुणाच्याच पिशवीत वाजला नाही, तर त्या दिवसाच्या इतिवृत्तात पहिला ठराव कुठला लिहायचा ते तुम्हाला कळेलच.